कोल्हापुरात आम्ल पाऊस पडतो का? वळवापेक्षा परतीच्या पावसाकडे बघा

पुलाच्या शिरोलीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घर एमआयडीसीच्या जवळ आहे. वळवाचा पहिला पाऊस झाला आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उठले, पत्र्याच्या शेडवर पांढरट चट्टे आले, दारातल्या कढीपत्त्याची पानं कडेनं करपली. हा ॲसिडचा पाऊस आहे का? असेल तर तो कशामुळे होतो, त्यानं काय नुकसान होतं आणि तो थांबवायचा कसा?

कारखान्यांच्या चिमण्यांतले वायू आणि पावसाचं, विहिरींचं पाणी तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. म्हणून आधी तुमच्या तीन खुणांबद्दल सांगतो, कारण या तीनही खुणा घेऊन लोक माझ्याकडे दरवर्षी येतात.

गाडीवरचे तांबूस ठिपके बहुतेक लोखंडाचे आहेत. फाउंड्रीत फेटलिंग करताना, म्हणजे ओतकामावरचं जादाचं लोखंड ग्राइंडरनं काढताना, आणि शॉटब्लास्टिंगमध्ये, म्हणजे बारीक छर्‍यांच्या माऱ्यानं ओतकाम साफ करताना, लोखंडाची फार बारीक पूड उडते. उन्हाळाभर ती गाडीच्या रंगावर बसत राहते, डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या सरीनं ती भिजते, गंजते आणि प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय उमटतं. खात्री करायची असेल तर पाऊस येण्याआधी कोरड्या सुती फडक्यानं बॉनेट अलगद टिपा. फडकं पांढऱ्या कागदावर झटका आणि कागदाखालून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक हळूहळू फिरवा. काळे कण चुंबकामागून ओळीनं सरकू लागले तर ते ठिपके लोखंडाचे आहेत. मातीची किंवा सिमेंटची धूळ जागची हलत नाही.

पत्र्यावरचे पांढरट चट्टे म्हणजे जस्ताचा पांढरा गंज. पत्रे एकावर एक रचून ठेवलेले असताना मध्ये पाणी अडकलं, किंवा पाला साचून पत्रा दिवसेंदिवस ओला राहिला, की तो येतो. हवेत गंधकाचा वायू जास्त असेल तर जस्त लवकर झिजतं हे खरं, पण ती झीज वर्षानुवर्षं आणि सगळ्या पत्र्यावर सारखी होते. एका पावसात चट्टे उठत नाहीत.

आणि कढीपत्ता. आम्ल पाण्यानं पानं डोळ्यांना दिसतील अशी करपायला पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; ७ च्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ३ ते ३.५ च्या खाली जावा लागतो. इतका आम्ल पाऊस जगात कुठंही क्वचितच पडतो. पानाच्या कडेची करप बहुतेक वेळा उन्हाचा ताण, पाण्याची ओढ किंवा बुरशीमुळे असते.

म्हणजे या तीनपैकी एकही खूण आम्ल पावसाचा पुरावा नाही. तरीही तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ल पाऊस डागांवरून ओळखू येत नाही, तो मोजावा लागतो. आणि कोल्हापूर जिल्ह्यात तो शोधायचा तर जूनमध्ये शिरोलीत शोधण्यापेक्षा परतीच्या पावसात आणि ऊस गाळपाच्या हंगामातल्या धुक्यात शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. याचं कारण कळण्यासाठी थोडं मुळाशी जावं लागेल.

अगदी निर्मळ हवेतला पाऊससुद्धा थोडा आम्लच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, कार्बोनिक आम्ल होतं आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. म्हणून ५.६ ही रेघ धरतात, तिच्या खालचा पाऊस आम्ल. सामूची मोजपट्टी दसपटीची आहे हे मात्र विसरू नका. ५.६ वरून ४.६ वर आलं तर आम्लता दहापट होते, ३.६ वर आलं तर शंभरपट. पुष्कळ जणांना वाटतं की अशा पावसात भिजलं तर अंग भाजेल. तसं नाही. सामू ४.५ म्हणजे साधारण ताकाएवढा आंबटपणा, त्यानं कातडीला काही होत नाही. माणसाला त्रास होतो तो ज्या वायूंपासून हा पाऊस बनतो त्यांच्यामुळे, आणि त्यांच्यापासून हवेत तयार होणाऱ्या अतिसूक्ष्म सल्फेट कणांमुळे. दमा असलेल्या माणसाला त्याचा त्रास पाऊस नसतानाच जास्त होतो.

हे वायू मुख्यतः दोन: सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. पहिला इंधनातल्या गंधकातून येतो. त्याचा हिशेब सोपा आहे आणि सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. इंधनातलं १ किलो गंधक जळालं की २ किलो सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो सगळा हवेत ऑक्सिडीकृत झाला तर ३ किलोच्या थोडं वर सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. तासाला अडीच टन कोळसा जाळणारा बॉयलर घ्या, कोळशात गंधक १ टक्का धरा. तासाला २५ किलो गंधक, म्हणजे ५० किलो वायू. फर्नेस ऑइलमध्ये गंधक ३-४ टक्क्यांपर्यंत असतं, पेटकोकमध्ये, म्हणजे तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या कोकमध्ये, ५ टक्क्यांच्या पुढेही जातं. उलट उसाच्या चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, ते नगण्य असतं.

नायट्रोजनचं गणित वेगळं. तिथे इंधन स्वच्छ असलं तरी सुटका नाही, कारण नायट्रोजन हवेतूनच येतो. इंजिनात किंवा भट्टीत तापमान फार वाढलं की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात. वळवाच्या विजासुद्धा हेच करतात, म्हणून गडगडाटी पावसात थोडं नायट्रिक आम्ल नैसर्गिकरीत्याच असतं. हुपरीच्या चांदी व्यवसायात चांदी शुद्ध करताना नायट्रिक आम्लातून जो तांबूस तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडच. तो धूर कुणी जवळून पाहिला असेल तर हा वायू कसा दिसतो हे त्याला वेगळं सांगायला नको.

हे दोन्ही वायू ढगात आणि हवेत आम्ल होतात, पण लगेच नाही. सल्फर डायऑक्साइडचं आम्ल व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात, ढगाच्या थेंबांत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ओझोन मिळाले तर लवकर होतं. तेवढ्या वेळात वारा त्याला शेकडो किलोमीटर नेतो. म्हणून चिमणी एका गावात आणि पाऊस दुसऱ्या गावात. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच मँचेस्टरच्या पावसात आम्ल असल्याचं नोंदवलं होतं, पण जगाला खरा धक्का बसला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी दाखवून दिलं की तिथल्या तळ्यांतले मासे संपत चाललेत ते ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुरामुळे. धूर अंगावर येतो म्हणून चिमण्या उंच करायच्या हा तोवरचा उपाय होता. कॅनडात सडबरीला ३८१ मीटरची चिमणी उभी केली. गाव सुटलं, पण आम्ल दूरवरच्या तळ्यांत जाऊन पडलं.

आपल्याकडेही चिमणीच्या उंचीचं सूत्र आहे: तासाला निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात काढायचा आणि १४ नं गुणायचं. वरच्या ५० किलोवाल्या बॉयलरला ते ४५ मीटर येतं. हे सूत्र जवळच्या वस्तीला वाचवतं. एकूण आम्ल त्यानं एक ग्रॅमनंही कमी होत नाही. कारखानदार मला अभिमानानं चिमणीची उंची सांगतात, तेव्हा मी इंधनाची पावती मागतो.

भारतात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे धूळ. आपल्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, तीच धूळ हवेत असते आणि थेंबातलं आम्ल मारते. म्हणून देशात कितीतरी ठिकाणी पाऊस ६ च्या वर, म्हणजे ५.६ च्या रेघेच्या वरचाच पडतो. वळवाची पहिली सर तर धुळीनं भरलेली असते, तिचा सामू बहुधा चढाच निघतो. तुमच्या शिरोलीतल्या पहिल्या पावसाबद्दल मी निर्धास्त आहे तो यामुळे. पण या ढालीवर फार काळ विसंबता येणार नाही. हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणे २००१ ते २०१२ या काळात नागपूर, आसाममधलं मोहनबाडी, अलाहाबाद, विशाखापट्टणम आणि कोडाईकॅनल इथल्या पावसाचा सामू ४.७७ ते ५.३२ च्या दरम्यान होता. आणखी एक गोम आहे. शहरातली धूळ कमी करण्यासाठी आपण सध्या प्रयत्न करतोय, २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आहेच. धूळ कमी व्हायलाच हवी, फुप्फुसांसाठी ती वाईट आहे. पण धूळ घटली आणि गंधक तसंच राहिलं तर पाऊस अधिक आम्ल होईल. दोन्ही कामं बरोबरीनं व्हायला हवीत, हे नियोजन करणाऱ्यांच्या बोलण्यात फारसं येत नाही.

आता कोल्हापूरचे ऋतू बघू. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्रावरून येतो. सिंधुदुर्ग ओलांडून तो थेट गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरवर चढतो. वाटेत मोठी कारखानदारी नाही, समुद्राचं मीठ मात्र आहे. शिवाय पाऊस इतका की हवा सतत धुतली जाते. एमआयडीसी सगळ्या घाटाच्या पूर्वेला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजीचा धूर या चार महिन्यांत पूर्वेकडे सांगली-कर्नाटकाकडे जातो, घाटाकडे जात नाही.

ऑक्टोबरात हे चित्र उलटतं. परतीचा पाऊस पूर्वेकडून येतो, गडगडाटी असतो आणि दोन सरींमध्ये कोरडे दिवस असतात. त्या कोरड्या दिवसांत हवेत वायू साठतात आणि पुढच्या सरीत एकदम खाली येतात. जमीन ओली, पिकांनी झाकलेली, म्हणून आम्ल मारणारी धूळही कमी. वारा आता पठारावरून, कारखान्यांवरून घाटाकडे जाणारा. देशात अनेक ठिकाणी मोसमी पावसापेक्षा मोसमानंतरचा पाऊस जास्त आम्ल आढळला आहे, त्याची कारणं हीच. तुम्हाला वर्षात एकदाच पाणी तपासता येणार असेल तर ऑक्टोबरमधली, चार-पाच कोरड्या दिवसांनंतरची सर पकडा.

मग गाळप हंगाम सुरू होतो. लोकांना साखर कारखान्याच्या चिमणीतून पडणारी काजळी दिसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, आणि आम्लाचा आरोप तिच्यावर होतो. पण बगॅसची राख अल्कधर्मी असते, तिच्यात पालाश असतं, ती आम्ल वाढवत नाही. गंधक येतं दुसऱ्याच दारानं. आपली पांढरी साखर बहुतांशी डबल सल्फिटेशननं होते. कारखान्यात सल्फर बर्नर असतो, त्यात पिवळं गंधक मुद्दाम जाळतात, तो वायू उसाच्या रसात चुन्याबरोबर सोडतात, त्यानं रसाचा रंग उतरतो. उसाच्या टनामागे साधारण अर्ध्या किलोच्या आसपास गंधक लागतं. दिवसाला ५ हजार टन गाळप असेल तर अडीच टन. त्यातलं बहुतेक रसात चुन्याबरोबर बांधलं जातं, पण टाकीचा व्हेंट, गळके सांधे आणि नीट न पेटलेला बर्नर यांतून काही सुटतं. काडेपेटी ओढल्यावर नाकात झोंबतो तसा वास कारखान्याच्या त्या बाजूला आला तर समजावं की वायू गळतोय. गुऱ्हाळांत गुळाला रंग आणायला वापरतात ती हायड्रॉस पावडरही गंधकाचीच, तापली की तोच वायू सोडते. आणि चुलाणात चिपाडाबरोबर कुणी जुने टायर घालत असेल तर तो सर्वांत वाईट प्रकार, कारण रबर टणक करायला गंधकच वापरलेलं असतं.

याच महिन्यांत पंचगंगेच्या काठाला पहाटे धुकं उतरतं. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, धूर तिच्यात कोंडतो. धुक्याचा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान, त्यात पाणी थोडं आणि मीठ-आम्ल दाट. जगात जिथं जिथं दोन्ही मोजलं गेलं, तिथं धुकं पावसाहून अधिक आम्ल असल्याचं पुन्हापुन्हा दिसलं. ते पानावर तासन् तास बसून राहतं. आपल्याकडे पाऊस मोजणारे काही आहेत, धुकं मोजणारं जवळपास कुणी नाही. मला हे फार खटकतं.

नुकसानाकडे येतो. पाठ्यपुस्तकात ताजमहालाचा संगमरवर असतो, म्हणून लोक मला अंबाबाईच्या देवळाबद्दल विचारतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, गंधकाच्या आम्लानं त्याचं जिप्सम होतं आणि पापुद्रे सुटतात. आपली देवळं, अंबाबाई असो की खिद्रापूरचा कोपेश्वर, काळ्या बेसॉल्टची. त्यात कार्बोनेट जवळजवळ नाही, म्हणून तो या आम्लाला फार चांगला टिकतो. धोका आहे तो जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्याला, चुन्यात भरलेल्या दरजांना आणि नव्यानं बसवलेल्या संगमरवरी फरशांना.

आपल्या जिल्ह्याला खरी काळजी मातीची करायला हवी, आणि तीही पश्चिमेच्या. शिरोळ, हातकणंगल्याची काळी जमीन चुनखडीची, सामू ८ च्या आसपास. तिच्यावर कितीही आम्ल पाऊस पडला तरी ती पचवेल, तिथला प्रश्न क्षाराचा आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड, आजरा भागात मात्र जांभ्याची तांबडी माती. शिरोळला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तर गगनबावड्याला ५ हजारांच्या घरात. एवढ्या पाण्यानं शतकानुशतकं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलेलं आहे, माती आधीच आम्ल आहे. अशा मातीला बफर, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, नाही. थोडं आम्ल वाढलं तरी उरलंसुरलं कॅल्शियम निघून जातं आणि मग ॲल्युमिनियम सुटं होतं. या पट्ट्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत, म्हणजे मातीत ॲल्युमिनियमची कमतरता नाहीच. एरवी ते खनिजात बांधलेलं असतं, सामू साधारण ५ च्या खाली गेला की विरघळतं. सुटं ॲल्युमिनियम मुळांची टोकं मारतं, ओढ्यात आलं तर माशांच्या कल्ल्यांवर चिकटतं. स्वीडनमध्ये मासे गेले त्यात आम्लाइतकाच या ॲल्युमिनियमचा हात होता. सामू ५ ला बहुतेक माशांची अंडी फुटत नाहीत, म्हणून मोठे मासे दिसत राहतात, पिल्लं दिसत नाहीत, आणि लोकांच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

माती किती हळू सावरते हे अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात दिसलं. तिथं १९६३ पासून पावसाचं पाणी मोजत आले आहेत. १९९० च्या कायद्यानं तिकडच्या वीज केंद्रांचं गंधक उतरलं, पावसाचा सामू वर आला, पण मातीतलं गेलेलं कॅल्शियम परत येईना. अखेर १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरनं कॅल्शियमचं खनिज टाकून बघावं लागलं. आपल्या घाटात तेवढी वेळ येऊ द्यायची नाही.

अमोनियाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, कारण फक्त सामू मोजणारे इथे हमखास फसतात. आपल्याकडे गोठे भरपूर, युरियाचा वापर भरपूर, त्यामुळे हवेत अमोनिया भरपूर. तो आम्ल मारतो, पावसाचा सामू चांगला दिसतो. पण त्यातून झालेलं अमोनियम जमिनीवर पडलं की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल पुन्हा बाहेर येतं. म्हणजे पाऊस निर्दोष, माती मात्र आम्ल. म्हणून प्रयोगशाळेत नमुना दिलात तर सामूबरोबर सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि कॅल्शियम मोजायला सांगा. त्याशिवाय अहवालाला अर्थ नाही.

नमुना कसा घ्यायचा तेही सांगतो. प्लास्टिकचं रुंद तोंडाचं भांडं घ्या, धातूचं नको. साबण लावू नका, बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यानं तीन-चारदा विसळा. पाऊस सुरू झाल्यावरच झाकण काढा, गच्चीवर मोकळ्या जागी, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पन्हाळीखाली नको. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी एका बाटलीत, नंतरचं दुसऱ्या बाटलीत. दोन्हींत फरक पडतो आणि तो फरकच बोलका असतो. त्याच दिवशी मोजा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. कागदी पट्टी इथे उपयोगाची नाही. सामूचा मीटर ४ आणि ७ च्या बफरनं, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणांनी, जुळवून घ्या, आणि पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असल्यानं आकडा स्थिर व्हायला काही मिनिटं थांबा. पहिल्याच क्षणी दिसलेला आकडा लिहून घेणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

उपायांत पहिला आणि खरा उपाय एकच: गंधक चिमणीपर्यंत जाऊच द्यायचं नाही. ताजमहालाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ३० डिसेंबर १९९६ ला निकाल दिला तो नेमका याच मुद्द्यावर. कोळसा-कोक जाळणाऱ्या उद्योगांनी गॅसवर यायचं किंवा तो परिसर सोडायचा. त्यांत आग्र्याच्या फाउंड्रीही होत्या, कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्ट्यांच्या. कोल्हापुरात कितीतरी फाउंड्री क्युपोला सोडून विजेवरच्या इंडक्शन फर्नेसवर आल्या, त्यानं शहराजवळचं गंधक नक्की कमी झालं. शहरातला सल्फर डायऑक्साइड हवेच्या घनमीटरमागे वार्षिक सरासरी ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली राहतो, त्यात याचा वाटा आहे. पण ती वीज बरीचशी कोळशातूनच येते, म्हणजे गंधक इथून उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेलं. त्या केंद्रांना २०१५ मध्ये गंधकाची मर्यादा घालून दिली, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे हे त्यामागचं एक कारण. टक्का कमी आहे हे मान्य, पण जाळतो ते टन अफाट आहेत. उपग्रहांच्या मोजणीनं भारताला सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या देशांत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं ते त्यामुळेच. ही सूट मला चुकीची वाटते.

जिथं कोळसा सुटत नाही तिथं स्क्रबर, म्हणजे धुरातला वायू धुऊन काढणारं यंत्र. इथे फसवणूक कशी होते ते नीट बघा. बॅग फिल्टर आणि सायक्लोन फक्त धूळ धरतात, वायू त्यांतून सरळ निघून जातो. धूर पांढरा झाला म्हणजे गंधक गेलं असं अजिबात नाही. वेट स्क्रबर असेल तर त्याच्या फिरत्या पाण्याच्या टाकीपाशी जा. नुसतं साधं पाणी फिरवत असतील तर थोड्याच वेळात ते आम्ल होतं, सामू ३-४ वर येतो आणि मग ते नवा वायू घेतच नाही. पंप चालू, फवारा चालू, उपयोग शून्य. चुना किंवा सोडा घालून ते पाणी ६ ते ७ च्या दरम्यान राखावं लागतं, त्यासाठी डोसिंग पंप आणि सामूचा मीटर हवा. चुन्याच्या गोणीची जागा कोरडी, धुळकट आणि रिकामी दिसली की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. आणि ते वापरलेलं पाणी नाल्यात सोडलं तर हवेतलं आम्ल पंचगंगेत नेऊन टाकल्यासारखंच आहे.

वाहनांत मोठा फरक पडला तो १ एप्रिल २०२० पासून. बीएस-६ इंधनात गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आलं. आता राहिली नायट्रोजन ऑक्साइडं. महामार्गावरच्या नव्या ट्रकांत त्यासाठी युरियाचं द्रावण भरतात. काही जण ते वाचवायला सेन्सरला फसवणारं यंत्र बसवतात. असा एक ट्रक कित्येक नियमात चालणाऱ्या ट्रकांइतकं प्रदूषण करतो. वाहतूकदारांनी आपल्या ड्रायव्हरांना आणि गॅरेजवाल्यांना हे स्पष्ट बजावलं पाहिजे. साखर कारखान्यांसाठी रस्ता आहे तो गंधकाशिवाय रिफाइंड साखर करण्याचा. तोवर निदान बर्नर आणि व्हेंटची देखभाल तरी हंगामाआधी करा.

तुम्हाला शिरोलीत तक्रार करायची असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे. “धूर येतो” एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, वारा कुठून कुठे होता, वास कसला होता, धूर सतत होता की ठरावीक वेळीच, हे आठ-दहा दिवस वहीत लिहा आणि त्याची प्रत जोडा. कारखान्याच्या संमतीपत्रात इंधन कोणतं, किती आणि चिमणी किती उंच हे लिहिलेलं असतं. ते माहिती अधिकारात मागा. प्रत्यक्षात जळणारं इंधन त्याच्याशी जुळत नसेल तर तुमची तक्रार भक्कम होते. लोखंडाच्या धुळीचा चुंबकाचा प्रयोगही फोटो काढून सोबत द्या, कारण तो वेगळा आणि तितकाच खरा त्रास आहे.

राहिली पश्चिमेच्या शेतकऱ्यांची गोष्ट. तांबड्या मातीत अमोनियम सल्फेट टाळा, माती आम्ल करण्यात ते खत सर्वांत पुढे आहे. पावसापेक्षा खतानं होणारं आम्लीकरण तुमच्या शेतात आज जास्त आहे आणि ते तुमच्या हातात आहे. उन्हाळ्यात माती तपासून घ्या, सामू ५.५ च्या खाली असेल तर अहवालात लिहिल्याइतकाच शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पेरणीआधी तीन-चार आठवडे मातीत मिसळा. सल्फिटेशन कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, सेंद्रिय खत म्हणून चांगला, पण तो चुन्याची जागा घेत नाही. आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत हे वाचून चुना टाकू नका. तिथं तो आधीच जास्त आहे.